मामंजींची नाणी आणि माझं आमसूल

रविवार, ९ मार्च १९५८. स्थळ : नागाव, आमचं घर. हजर : मामंजी, म्हणजे माझे सासरे (घरच्यांचे आबा), हे, मी, आमच्याकडे धुण्याभांड्यांना येणारी बायजा, आणि अकराच्या एस.टी.ने येणारे मुंबईचे एक पाहुणे. गैरहजर : माझी अक्कल.

त्या दिवशी मी मामंजींची जुनी नाणी स्वच्छ केली. जाणकारांनी इथेच डोक्याला हात लावला असेल. बाकीच्यांसाठी पुढचं लिहिते.

मामंजींना जुन्या नाण्यांचा नाद. वाडीत माड लावायला खड्डा खणला, की सगळे खड्ड्यात बघत आणि मामंजी उकरलेल्या मातीत. तीस वर्षांत त्यांनी डबाभर शिवराया जमवल्या होत्या. शिवराई म्हणजे जुना तांब्याचा पैसा. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. निदान मामंजी तसं म्हणत. आम्हाला दिसायचा तो काळाहिरवा खपला. (घरात त्या संग्रहाला 'आबांचे खपले' असंच नाव होतं. ठेवलं कुणी, ते मी सांगणार नाही. मीच ठेवलं.)

तीस वर्षं घरादाराने हसून घेतलं, आणि आता मुंबईचे एक नाण्यांचे अभ्यासक ते खपले बघायला मुद्दाम लाँचने रेवसला उतरून येणार होते! त्यांचं पुस्तक व्हायचं होतं. नाणी अस्सल निघाली तर त्यात मामंजींचं नाव छापून येणार होतं. मामंजींनी आयुष्यात प्रथमच धोतराला इस्त्री करून घेतली.

एवढा मोठा प्रसंग म्हटल्यावर मी यादी केली. अंगण सारवणे, नारळ खवणे, ह्यांना सदरा घालायला लावणे वगैरे. सातव्या क्रमांकावर लिहिलं : नाणी. बस अकराची, म्हणून मामंजी नऊलाच स्टँडवर गेले, आणि मी डबा उघडला.

"अहो, हे असं दाखवायचं पाहुण्यांना?"

"हं," हे वर्तमानपत्राच्या आतून म्हणाले. सतरा वर्षांच्या संसारात ह्यांचं 'हं' मी होकार म्हणून वापरत आले आहे.

बायजा मात्र हात कमरेवर ठेवून उभी राहिली. "वैनी, आबांना इचारलं न्हाय तुम्ही."

"विचारायचं काय त्यात? तांब्याचा हंडा घासताना मला विचारतेस का?"

"हंडा काय बोलत न्हाय. आबा बोलतील."

"चकचकीत झालेली बघून खूश होतील! राख आण."

तांबं कसं घासायचं हे आमच्या भागात मुलीला वेगळं शिकवावं लागत नाही. आमसुलं भिजत घातली, मीठ टाकलं, वरून राख घेतली आणि नारळाच्या शेंडीने एकेक शिवराई अशी घासली की खांदा भरून आला. हिरवं गेलं, काळं गेलं. काही नाण्यांवरचा 'श्री' गेला, 'राजा'ही अर्धा गेला. पण चकाकी अशी, की त्यात मला माझं समाधानी तोंड दिसत होतं. शेवटी खोबरेल तेलाचा एकेक हात फिरवला. (हे माझं स्वतःचं संशोधन.) ताटात क्रोशाचा रुमाल अंथरून नाणी मांडली आणि यादीत सातव्या क्रमांकावर बरोबरची खूण केली.

पाहुणे आले. कोकम सरबत झालं नाही तोच म्हणाले, "आधी नाणी बघू." मी ताट पुढे केलं. पाहुण्यांनी खिशातून भिंग काढलं, ताटाकडे पाहिलं, आणि भिंग परत खिशात ठेवलं.

"आबासाहेब, ही कुठे पाडून घेतलीत?"

"पाडून?" मामंजी उडालेच. "वाडीत सापडली! माडाखाली!"

"अशी?"

आता मामंजींनी प्रथमच ताटात पाहिलं. पाहुण्यांनी एक नाणं चिमटीत धरायचा प्रयत्न केला. ते तेलाने सटकलं ते थेट सरबताच्या पेल्यात. माझ्या हातून जे काही मळकट राहिलं असेल, ते तिथे निघालं.

मामंजींचा चेहरा पांढरा पडला. खपले म्हणून हसलेलं त्यांनी सोसलं होतं. पण लबाड? मला बोलणं भागच होतं.

"मी... जरा घासली."

"कशाने?"

"आमसुलाने."

पाहुण्यांनी डोळे मिटले. "आणि?"

"मीठ."

"बस?"

"राख. आणि शेंडी."

"झालं एवढंच?"

"तेलाचा हात."

पाहुणे ज्या नजरेने बघत होते, त्यावरून सासऱ्याने सून पढवून ठेवली आहे असंच त्यांना वाटत असावं. तेवढ्यात मागच्या दारातून बायजा ओरडली, "खरं हाय सायेब! राख म्याच दिली. मी सांगत व्हते, वैनी ऐकत न्हाय!"

मामंजींनी कनवटीला हात घातला आणि एक शिवराई बाहेर काढली. काळीहिरवी, मातकट, ओंगळ. पाहुण्यांनी ती कडेने अलगद धरली, भिंग लावलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मी दोन तास घासूनही कशाला तसं उजळवलं नव्हतं!

"अस्सल! ही वेगळी कशी ठेवलीत?"

"पहिली सापडलेली. जवळच ठेवतो," मामंजी म्हणाले. "म्हणून सूनबाईच्या हाती लागली नाही."

पुस्तकात त्या एका नाण्याखाली मामंजींचं नाव यायचं ठरलं. मग पाहुण्यांनी मला नाण्यांची निगा सांगितली आणि मी मुकाट्याने लिहून घेतली. घासायचं नाही. आंबट लावायचं नाही. माती असली तर नुसत्या स्वच्छ पाण्यात भिजवून मऊ कापडाने टिपायचं. कडेनेच धरायचं. प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी पुडीत, खाऱ्या हवेपासून दूर. तेलाबद्दल ते बोललेच नाहीत. असा प्रसंग त्यांना अभ्यासात आला नसावा.

"ही बाकीची पुन्हा तशी होतील?" मामंजींनी विचारलं.

"होतील की. कुणी हात लावला नाही तर."

"किती दिवसांत?"

"शे-दोनशे वर्षं धरा."

मामंजी माझ्याकडे वळले. "सूनबाई, घे लिहून. आठवा क्रमांक : नाण्यांना दोनशे वर्षं हात न लावणे."

त्याला आता नऊ वर्षं झाली. म्हणजे एकशे एक्क्याण्णव उरायला हवी होती. पण गेल्या महिन्यात एका पुडीवर धूळ दिसली, म्हणून ती उघडली, आणि सवयीने पदराने जरासं...

तेव्हा, दोनशे.