अकरा सेकंदांची लाट

“आभाळ निळंशार, वारा पडलेला, आणि तुम्ही सांगताय बोटी बांधून ठेवा?” परब फोनवर ओरडत होते. “नाताळची गर्दी आहे बाय, नाताळची! शुक्रवारी सकाळी माझ्या धक्क्यावर पाय ठेवायला जागा नसणार!”

मी कामठ्याच्या आमच्या घरी अंगणात खाटेवर लॅपटॉप घेऊन बसले होते. अंगात स्वेटर, वरून शाल, तरी बोटं गारठलेली. समोर परातीत आईने सोललेल्या लाखोरीच्या शेंगा होत्या. माझ्या स्क्रीनवर मात्र अरबी समुद्र होता.

मी हवामानतज्ज्ञ आहे. पुण्यातल्या एका खासगी कंपनीत किनारपट्टीच्या डेस्कवर काम करते. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे त्या डिसेंबरात वर्क फ्रॉम होम घेऊन गावी आले होते. इंटरनेट नीट चालत होतं, त्यामुळे माझा समुद्र माझ्यासोबत गोंदिया जिल्ह्यात आला होता.

परब म्हणजे आमचे क्लायंट. सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठच्या गावात पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या बोटवाल्यांची संघटना आहे, तिचे ते अध्यक्ष. सुट्ट्यांच्या आधी आम्ही त्यांना ‘आउटलुक’ पाठवतो. फोरकास्ट म्हणजे उद्या-परवाचा अंदाज. आउटलुक म्हणजे पुढच्या आठ-दहा दिवसांचा ढोबळ कल. त्यात प्रत्येक दिवसाला एक रंग असतो. ग्रीन म्हणजे बोटी सोडा, यलो म्हणजे जपून, रेड म्हणजे बंद.

सोमवारी मी नाताळ ते थर्टी-फर्स्ट सगळे दिवस ग्रीन करून पाठवले होते. कोकणात डिसेंबरचा समुद्र तळ्यासारखा असतो. परब खूश. माझे सर खूश.

मंगळवारी सकाळी नवीन मॉडेल रन उघडला आणि मी खाटेवर ताठ बसले.

मॉडेल म्हणजे कॉम्प्युटरने गणित करून काढलेलं उद्याचं वातावरण. त्यात इराणच्या बाजूला, आखाताच्या तोंडाशी लाल पट्टा दिसत होता. उत्तर-पश्चिमेचा जोरदार वारा, बुधवारी सुरू होऊन दीड दिवस टिकणारा. तिकडे त्याला शमाल म्हणतात. हिवाळ्यात पश्चिमेकडून थंड हवेची एखादी जोरदार लाट सरकते तेव्हा असं होतं. तीच पुढे उत्तर भारतावरून गेली की मागून आपल्या विदर्भात थंडीचा कडाका पडतो. म्हणजे येत्या दिवसांत माझी बोटं आणखी गारठवणारं आणि परबांच्या धक्क्याकडे निघणारं प्रकरण एकच होतं. मला एकदम उत्साह चढला. इतकी वर्षं हे काम करतेय, पण एकाच कारणाची दोन टोकं अशी दोन्ही हातांत कधी आली नव्हती.

वारा तिकडे राहतो, पण त्याने उठवलेल्या लाटा निघतात. त्यांना स्वेल म्हणतात. स्थानिक वाऱ्याच्या लाटा चार-पाच सेकंदांनी एक अशा येतात. लांबून आलेल्या स्वेलमध्ये दोन लाटांमध्ये दहा-बारा सेकंद असतात. उघड्या समुद्रात ती जाणवतही नाही, बोट फक्त हळूच वरखाली होते. पण खाडीच्या तोंडाशी वाळूचा उथळ बांध असतो. तिथे आली की ती उभी राहते आणि फुटते. परबांची प्रत्येक बोट त्याच बांधावरून बाहेर पडते.

वहीवर अंतर आणि वेग मांडला. साधारण दोन दिवसांचा प्रवास. शुक्रवारी सकाळी.

पुण्याला देवधर सरांना फोन लावला. ते माझे डेस्क हेड.

“सर, शुक्रवार-शनिवार रेड करायचेत.”

“कालच ग्रीन पाठवलेस ना?”

“काल हे दिसत नव्हतं.”

“दुसरं मॉडेल काय म्हणतंय?”

“त्यात वारा थोडा कमी आहे.”

“मग यलो कर.”

“सर, यलोला परब बोटी सोडतात. यलोचा अर्थ त्यांच्या लेखी पिवळसर ग्रीन असतो.”

सर हसले नाहीत. “सुट्टीच्या आठवड्यात क्लायंटला दोन दिवस बंद करायला लावायचं आणि समुद्र शांत निघाला, तर पुढच्या वर्षी आपण नसू. बुधवारपर्यंत थांब.”

थांबले. बुधवारी दुपारी तिकडच्या किनाऱ्यावरच्या स्टेशनांची निरीक्षणं आली. वारा खरोखर सुटला होता, माझ्या मॉडेलपेक्षाही चढा. सर म्हणाले, “ठीक आहे. रेड. पण मेल नको, तू स्वतः सांग.”

म्हणून मी फोन केला होता आणि परब ओरडत होते.

“तुम्ही बसता कुठे? पुण्यात?” त्यांनी विचारलं.

“सध्या गोंदियाला आहे.”

“ह्या गोंदिया खंय इला?”

“महाराष्ट्राच्या पार पूर्वेला. छत्तीसगडला लागून.”

“बाय, तुम्ही दर्या बघितलाय काय?”

“दोनदा,” मी खरं ते सांगितलं. फोन कट झाला.

बाबा दाराशी काठी टेकवून उभे होते. स्पीकर चालू असल्यामुळे त्यांनी सगळं ऐकलं होतं. “काऊन वं बाई, तोंड काऊन उतरलं तुयं?”

“ऐकतच नाहीत, बाबा. सगळा डेटा सांगितला.”

“तो बोटवाला हाये न? त्याले डेटा कायले सांगून राहिली? नहराले पाणी आलं का नाई, हे मी कागदावर पाहातो का? तोंडाशी जाऊन पाहातो. त्याची लाट कोठी फुटते?”

“खाडीच्या तोंडाशी.”

“मंग त्याले तितंच उभा कर न.”

मी लगेच पुन्हा फोन लावला. “परबकाका, माझ्यावर विश्वास ठेवू नका. शुक्रवारी सात वाजता घड्याळ घेऊन खाडीच्या तोंडाशी जा. अकरा लाटा मोजा. पहिलीपासून अकरावीपर्यंत किती सेकंद लागले त्याला दहाने भागा. पाच-सहा आले तर बोटी सोडा, मला शिव्या द्या. दहाच्या वर आले तर सोडू नका.”

“आणि रेडचा काय?”

“रेड कायम आहे. पण तो तुमच्या डोळ्यांनी बघा.”

ते “हूं” म्हणाले.

गुरुवारी नाताळ. कोकणातून एकच मेसेज आला: ‘समुद्र शांत. बोटी फुल्ल.’ दुपारी उपग्रहाची एक फेरी भर समुद्रावरून गेली. लाटांची उंची मोजणारा उपग्रह असतो, तो एका पट्ट्यातलंच दाखवतो. त्या पट्ट्यात ती होती! माझी स्वेल, अर्ध्या वाटेच्या पुढे आलेली. मी आईला ओढत आणून स्क्रीन दाखवली. तिला आकडे दिसले. मला लाटा दिसत होत्या. संध्याकाळी सरकारी बुलेटिनमध्येही किनाऱ्याला उंच लाटांची सूचना आली. जीवात जीव आला.

शुक्रवारी सकाळी अंगणात शेकोटी पेटवून आम्ही तिघं बसलो. सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

“पाच,” परब म्हणाले. “साडेपाच म्हणा. दर्या झोपलाय. आठची पहिली ट्रिप आहे, माणसं रांगेत आहेत.”

गणितात दोन तास इकडेतिकडे होऊ शकतात. पण आठला बोटी सुटल्या, तर परत येताना नेमक्या त्याच बांधावर सापडल्या असत्या.

“काका, अर्धा तास. फोन चालू ठेवा आणि तिथेच उभे राहा.”

“अर्धा तास,” ते म्हणाले. “एक मिनिट जास्त नाय.”

बाबांनी शेकोटीत काडी सारली. फोनमधून कावळे आणि लांबून माणसांचा गलका ऐकू येत होता. मग परब स्वतःशीच मोजायला लागले. थांबले. परत मोजायला लागले.

“इली!” ते एकदम म्हणाले. “बाय, तुमची लाट इली! अकरा सेकंद!”

मी उठून उभीच राहिले. अंगावर काटा आला तो थंडीचा नव्हता.

“पण लहान आहे ही,” ते म्हणाले. “गुडघ्याएवढी. हिच्यावरून बोट आरामात जाईल. सोडू?”

“नका सोडू! ह्या पुढे पळालेल्या आहेत. लांब पिरियडच्या, म्हणजे जास्त सेकंदांच्या लाटा जोरात चालतात, म्हणून आधी पोचतात. मोठ्या मागे आहेत.”

धक्क्याकडे तोंड करून त्यांनी मालवणीत मोठ्याने काहीतरी सांगितलं आणि लोकांचा ओरडा वाढला. “नऊपर्यंत थांबवल्यात,” ते मला म्हणाले. “शिव्या मी खातोय, तुम्ही नाय.”

साडेआठला त्यांनी फोन केला आणि तो नुसता खाडीसमोर धरला. घुम्म असा आवाज, मग फुटल्याचा खळाळ, मग शांतता. मी मनात मोजलं. अकराव्या सेकंदाला पुन्हा घुम्म. कामठ्याच्या अंगणात बाबा फोनकडे टक लावून पाहत होते. “बापरे,” ते एवढंच म्हणाले.

खाडीचं तोंड, परबांनी नंतर सांगितलं, या काठापासून त्या काठापर्यंत पांढरं झालं होतं. नांगरून ठेवलेली एक रिकामी बोट दोर तुटून वाळूवर येऊन आडवी पडली. माणूस एकही पाण्यात नव्हता. रांगेतल्या पर्यटकांनी भांडण सोडून मोबाइल काढले आणि व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली.

शनिवारीही बोटी बंद राहिल्या. लाटा मात्र माझ्या अंदाजाआधीच, शनिवारी दुपारी बसल्या. परबांनी तेही लगेच फोन करून ऐकवलं. “अर्धा दिवस फुकट घालवलात, बाय.” त्यांचं बरोबर होतं. शनिवार दुपारसाठी आउटलुक बदलायला मला उशीर झाला होता.

या प्रकरणातून मी एक गोष्ट शिकले. अंदाज बरोबर असणं हे अर्धंच काम आहे. ज्याच्या दारात तो उतरणार आहे, त्याला तो स्वतः तपासता आला पाहिजे. नाहीतर तो ऐकणार नाही, आणि त्यात त्याची चूक नसते. देवधर सरांनी जानेवारीत आउटलुकच्या फॉर्मॅटमध्ये एक नवा कॉलम घातला: ‘क्लायंटने जागेवर काय पाहावे’. डेस्कवरचे बहुतेक जण त्यात ‘लागू नाही’ असं लिहितात.