शेपटीचा वाटा

इशेनकुलच्या गळाची दोरी कधी दुकानातून आली नाही. ती पांढऱ्या घोड्याच्या शेपटीच्या केसांची, आणि घोडाही नरच हवा. घोडीच्या शेपटीचा केस तिच्याच मुतानं कुजतो आणि ऐन झटक्याला दगा देतो, हे तो ज्याला त्याला ऐकवी. तेरेक-बुलाक गावातले बाकीचे नायलॉनची दोरी घेऊन कोक-सू नदीवर जातात आणि हात हलवत परततात. इशेनकुल मात्र सत्तरीतही पाण्यावरच्या सुरकुत्या बघून सांगे, ट्राउट मासा कुठल्या खडकाआड दबा धरून बसलाय. त्याचा अंदाज चुकलेला आम्ही तरी पाहिला नाही.

मासे पकडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. ते घरी पोचवण्यात मात्र त्याच्याइतका भोळाही कोणी नव्हता. आमच्याकडे शिकार घेऊन परतणाऱ्याला वाटेत भेटेल त्यानं "शिराल्गा!" म्हणायचं, की शिकाऱ्यानं सगळी शिकार त्याच्यापुढे ठेवायची. किती उचलायचं ते मागणाऱ्यानं ठरवायचं. इशेनकुल तर मुद्दाम बसथांब्यावरच्या मोठ्या रस्त्यानं यायचा. दहा मासे घेऊन निघालेला हा बाबा दोन घेऊन दारात उभा राहायचा, आणि बायको सालकिन म्हणायची, "आलात का गावाला जेवू घालून?"

त्या शरदात सालकिनच्या पोटाचं ऑपरेशन झालं. शहरातून घरी आली खरी, पण अन्नावरची वासनाच उडाली. घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमिस नको, नान नको, मटणाचा वास तर मुळीच नको. पोटात काही गेलं नाही तर पुन्हा शहरात न्यावं लागेल, आणि मग काही सांगता येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अकराव्या दिवशी सकाळी ती हळूच म्हणाली, "म्हातारबा, ट्राउटचा शोर्पो कराल? रस्सा पातळच ठेवा."

इशेनकुल गळ उचलून जवळजवळ धावलाच. थंडीनं ताठरलेले नाकतोडे त्यानं आमिषासाठी गवतातून वेचले. पण शरदातलं पाणी आरशासारखं स्वच्छ, त्यात माणसाची सावली पडली तरी मासा पळतो. तो पोटावर सरपटला, गुडघाभर पाण्यात तासन्‌तास उभा राहिला. दुपारी कुठे एक ट्राउट लागला, हातभर लांब. एकच.

परतताना फाट्यावर त्याचे पाय थबकले. मोठ्या रस्त्यावर आता माणसं असणार. जन्मात पहिल्यांदा तो गावामागच्या गवताळ वाटेला वळला, मासा कोटाच्या आत दडवून. कुत्रं भुंकलं तर हा कुंपणाआड वाकला. स्वतःचीच त्याला लाज वाटली, पण तो थांबला नाही.

शोर्पो झाला. त्यानं वाडगा पुढे केला. सालकिनची नजर मात्र त्याच्या विजारीवर.

"ही कुसळं कुठून लागली?"

"लागली कुठूनतरी. गरम आहे तोवर पी."

"मोठ्या रस्त्याला कुसळं नसतात. लपवून आणलात ना?"

"एकच मिळाला गं! कुणी मागितला असता तर?"

"तर दिला असतात. पन्नास वर्षं देत आलात. आणि माझ्यासाठी चोर झालात? माझ्या घशाखाली नाही उतरायचा हा."

तिनं भिंतीकडे तोंड केलं.

"मर मग उपाशी!" तो ओरडला, आणि त्याचेच डोळे भरून आले. मग त्यानं वाडगा परत पातेल्यात ओतला, पातेलं उचललं आणि तडक बसथांबा गाठला.

तिथे पाचसहा जण बसची वाट बघत होते. ते उठून उभे राहिले.

"सलाम, आके. पातेल्यात काय?"

"ट्राउट. शिराल्गा मागा."

शाळेतले मास्तर हळूच म्हणाले, "सालकिनताईंसाठी ना तो? आम्ही कसा मागू?"

"मागा म्हणतो ना! नाही मागितलात तर ती खाणार नाही!"

गिरणीवाला आपल्या बुटांकडे बघत राहिला. आजारी बाईच्या तोंडचा घास काढायला कोण धजणार? जन्मभर लोकांनी इशेनकुलकडे मागितलं, आज तो मागा म्हणून विनवत होता. शोर्पो निवत चालला होता.

तेवढ्यात मागून काठी आपटत उल्कान आली. सालकिनची शेजारीण. एका कोंबडीवरून वसंतापासून दोघींचं बोलणं बंद.

"शिराल्गा!" ती खणखणीत आवाजात म्हणाली.

"अगं बाई, जनाची नाही तर मनाची तरी..." कोणीतरी पुटपुटलं.

उल्काननं ऐकलंच नाही. तिनं पातेल्यात हात घातला, माशाच्या शेपटीचं टोक मोडलं आणि उभ्या उभ्याच काट्यांसकट चावून गिळलं.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "बघता काय? पळा, निवतंय. आणि तिला सांगा, माझी कोंबडी अजून मी विसरले नाहीये."

सत्तरीचा म्हातारा पातेलं सांभाळत पळत सुटला.

"कुणी मागितला?" भिंतीकडूनच प्रश्न आला.

"उल्काननं."

सालकिननं मान वळवली. "तिनं? काय घेतलं?"

"शेपटीचं टोक. आणि म्हणाली, मीठ कमी आहे."

"तिला कधीपासून मिठातलं कळायला लागलं!" सालकिन कोपर टेकून उठून बसली. "आणा इकडे."

तिनं एक घोट घेतला. मग दुसरा. इशेनकुल श्वास रोखून वाडग्याकडे बघत राहिला. वाडग्याचा तळ दिसला तेव्हा तिनं तो त्याच्यापुढे धरला.

"खरंच कमी आहे," ती म्हणाली. "थोडं मीठ घाला, आणि पुन्हा भरा."