सासूच्या जागी सरकार

मैत्रिणींनो, आज नागपंचमीला रिहे गावात आत्याकडे गेले होते. फेर संपल्यावर तिनं संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली गोष्ट सांगितली.

"तवा मी परकरात हुते. गावात सभेला बंदी. पण पंचमीच्या फेराला कोण अडवणार? आमी चावडीपुढंच फेर धरला. गाण्यात सुना सासूची गाऱ्हाणी सांगत्यात ना, तितं सासूच्या जागी सरकार घातलं."

"आणि पोलीस?"

"बघत बसला. पण दरवर्षी रुसून लांब बसणाऱ्या सासवा त्या दिवशी फेरात आल्या. लई मोठ्यानं गायल्या."

आमच्या भूगावच्या सोसायटीत आठवडाभर पाणी नाही. उद्या बिल्डरच्या ऑफिसपुढे फेर धरायचा, असं मी घरी आल्या आल्या जाहीर केलं.

सासूबाईंनी विचारलं, "गाण्यात मी नाही ना? मग मीपण येते."

तुम्ही येताय ना?