तिगावच्या लग्नात विझवलेली चूल

लग्नघरच्या चुलीवर तेल तापलेलं असताना चुलीत पाणी ओतणारी बाई पांढुर्ण्याच्या पंचक्रोशीत एकच झाली, ती मनकर्णा. तिचा नवरा कवडू कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, आणि ती लग्नातोरणाचा स्वयंपाक करायची. बाबासाहेबांची जयंती आटोपली की वस्त्यावस्त्यांमधून तिला बोलावणी यायची. चर खोदून केलेली लांब चूल, वांगे-आलूच्या भाजीची मोठाली पातेली, म्हणजे गंज, बुंदीची कढई आणि त्या धुरात पदर खोचून उभी मनकर्णा.

स्वभावाची फटकळ. आणि किळस तर अशी की विचारू नका. मळलेल्या कणकेत कोणी न धुतलेला हात घातला, तर ती तो गोळाच्या गोळा बैलापुढे टाकायची. "हागल्या हातानं शिवलेलं मी माणसाईले नाई वाढत," म्हणायची. लोक हसायचे, पण तिच्या हातचं जेवण गोड लागायचं, म्हणून बोलवायचेही.

तिचं माहेर रामाकोना. तिथे तिचा चुलतभाऊ देवीदास मोलमजुरी करायचा. चौऱ्याऐंशी साली त्याच्या इंदूचं लग्न ठरलं. स्थळ आणलं मोतीरामनं. हा मोतीराम सौंसरचा, दुरून दुरून सगळ्यांचाच नातेवाईक. पांढरं धोतर, पांढरा सदरा, जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे. कोणाच्या घरी मयत झालं तरी खांदा द्यायला पहिला. त्यानं सांगितलं, "देवीदास, उत्तरेकडचे लोक आहेत, आपल्याच विचाराचे. हुंडा नको, आहेर नको. लग्नही तेच लावून देतात. पोट्टीचं नशीब फळफळलं म्हण."

देवीदासला रडू फुटलं. हुंड्यापायी थोरलीचं लग्न मोडलेलं त्यानं पाहिलं होतं.

मनकर्णा त्या लग्नात भाचीचं लग्न म्हणून राबली. वऱ्हाड म्हणजे चार-पाच माणसं. नवरदेव इंदूच्या दुप्पट वयाचा, मान खाली घालून बसलेला. सगळा कारभार त्याच्या आत्याकडे. गुलाबबाई म्हणायचे तिला. गोरी, जाडजूड, बोलायला साखरेसारखी. वंदनेला तिनंही हात जोडले. त्रिशरण सुरू झालं तेव्हा तिचे ओठ हलत होते, पण त्यातून शब्द निघत नव्हता. मनकर्णाला वाटलं, तिकडची चाल वेगळी असेल.

मग गुलाबबाईनं पांढऱ्या लुगड्यातल्या इंदूला जवळ ओढलं. दंड दाबून पाहिले. हनुवटी वर करून म्हणाली, "हँस बेटी, जरा हँस." इंदू लाजून हसली, तशी ही बाई वाकून तिचे दात बघू लागली. नंतर तिला पाणी आणायच्या निमित्तानं अंगणभर चालवलं. लंगडत तर नाही ना, हे बघतात तसं. मनकर्णाच्या मनात बैलबाजार येऊन गेला. पण लग्नघरात असलं बोलू नये, म्हणून ती गप्प राहिली. उलट पाहुणी म्हणून गुलाबबाईच्या तोंडात स्वतःच्या हातानं बुंदी घातली.

छोट्या लाइनच्या रेल्वेगाडीत बसताना मोतीराम इंदूच्या डोक्यावर हात ठेवून ओक्साबोक्शी रडला. लोक म्हणाले, "मामा असावा तर असा."

त्यानंतर इंदूची खबर नाही. पोरगी पंचमीला आली नाही, दिवाळीला आली नाही. दिलेल्या पत्त्याचं गाव पोस्टवाल्याला सापडेना. देवीदास मोतीरामकडे खेपा घालायचा. तो म्हणायचा, "दूरचा मुलूख आहे गा. संसारात रमली असंन. तू काऊन जीव जाळून राहिला?"

दोन वर्षांनी तिगावातून यमुनाचं बोलावणं आलं. यमुनाला नवरा नव्हता. शेतमजुरी करून तिनं लेकीला, सुमनला, वाढवलं होतं, आणि आता तिचं लग्न होतं. स्थळ मोतीरामचंच, आणि हुंडा नकोच. मनकर्णाला नाव ऐकूनच कसंतरी वाटलं, पण ती गेली.

वऱ्हाड सकाळच्या पॅसेंजरनं उतरलं. मनकर्णा कढईत पहिल्या पुऱ्या सोडत होती, तोच मागून गोड आवाज आला. "बहनजी, थोड़ा अचार मिलेगा?"

ती वळली. गुलाबबाई! तीच जाड मनगटं, तोच हसरा चेहरा. पण शेजारच्या बायका सांगत होत्या, ही नवरदेवाची माय, हिचं नाव सावित्रीबाई.

"आमची इंदू कशी आहे वो?" मनकर्णानं विचारलं.

"कौन इंदू?"

"रामाकोन्याची. तुमच्या भाच्याले दिली थे."

त्या बाईच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. "मैं तो इधर पहली बार आई हूँ, बहनजी." लोणच्याची फोड उचलून, बोटं चाटत ती मांडवात गेली. तिथे तिनं सुमनची हनुवटी वर केली. "हँस बेटी, जरा हँस."

आपल्या हातची बुंदी या तोंडात घातली होती, हे आठवून तिला ओकारी यायची बाकी राहिली. तिनं मोतीरामला आडोशाला बोलावलं.

"ही गुलाबबाई आहे. इंदू कोठी आहे सांग."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. मिरवणुकीतला मोतीराम निराळा आणि हा निराळा. हळू आवाजात म्हणाला, "मनकर्णा, तू पुऱ्या तळाले आली, पुऱ्या तळ. पोट्टी येथी उपाशी मेली असती. तेथी दोन टाइम खाऊन राहिली. भलं करणाऱ्याले पापी म्हणू नको."

म्हणजे याला सगळं ठाऊक होतं. गाडीजवळचं ते रडणंही ठाऊक असतानाचंच. मनकर्णाला त्याच्या तोंडातल्या पानाचा वास आला, आणि तो वास तिला कुजल्यासारखा वाटला. ती मांडवाकडे गेली नाही. आधी चुलीकडे गेली. पुऱ्यांची कढई फडक्यानं धरून खाली उतरवली आणि पाण्याची घागर चुलीत उपडी केली.

धूर आणि राख मांडवभर झाली. लोक धावले.

"या लग्नाचं जेवण माया हातून नाई शिजत," मनकर्णा ओरडली. "हे लग्न नाही, पोट्टीचा सौदा आहे. हीच बाई रामाकोन्यात आत्या होती, येथी माय झाली."

आणि लोक कोणावर तुटून पडले? मनकर्णावर. वस्तीतले जाणते यशवंतराव काठी आपटत आले. "शुभ कार्यात चूल विझवते? डोस्कं फिरलं काय तुयं?" यमुनानं तर ऊर बडवून घेतला. "मायी पोट्टी घरी बसवतं काय वं? मी तुयं का बिघडवलं?" कोणीतरी मनकर्णाचा दंड धरून तिला मागे ढकललं. गुलाबबाई पदरानं डोळे पुसत होती. आसवं मात्र नव्हती.

सुमन तेवढ्यात उठली. सतरा-अठराची पोरगी, हातात अजून हार होता. ती सरळ नवरदेवापुढे उभी राहिली आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "तुम्हारी माय का नाम बताव."

नवरदेवानं गुलाबबाईकडे पाहिलं. ती काही बोलणार, तर सुमन म्हणाली, "उधर नहीं. इधर देखके बताव."

"रामकली," तो पुटपुटला.

मांडवात तर हिचं नाव सावित्रीबाई सांगितलं होतं. यशवंतरावांची काठी हवेतच राहिली. गुलाबबाई मागच्या मागे सटकायला लागली, तशी वस्तीतल्या पोरांनी तिला अडवलं. मोतीराम संडासला जातो म्हणून गेला, तो स्टेशनच्या वाटेवर सापडला.

ठाण्यात नवरदेव थानेदारापुढे हात जोडून बसला. तोही शेतकरीच; त्यांच्याकडे मुली उरल्या नव्हत्या म्हणे, जन्मल्या जन्मल्याच त्यांचं काय ते करायचे. त्याला वाटलं, फसलो ते आपणच. "साहब," तो काकुळतीनं म्हणाला, "औरत नहीं देनी तो हमारा पैसा वापस दिलवा दो. हमने पूरा दिया है." सुमन तिथेच, हातभर अंतरावर बसलेली होती. तिच्याकडे त्यानं पाहिलंदेखील नाही.

थानेदार वयानं लहान, शिकलेला होता. मनकर्णाला म्हणाला, "बाई, ये यहीं का धंधा नहीं है. पूरी दुनिया में चलता है. समंदर पार तक आदमी बिकता है."

"असंन," मनकर्णा म्हणाली. "पण दुनियेत कोठीबी जा साहेब, पोट्टीच्या दारात पहिले येणारा ओळखीचाच असंन. अनोळखी माणसाच्या हाती कोण आपली पोट्टी देते?"

गुलाबबाईनं अखेर इंदूचं गाव सांगितलं. मनकर्णा, कवडू, देवीदास आणि एक शिपाई इटारसीवरून गाडी बदलून गेले. मग मोटार, मग बैलगाडी. गावात विचारलं, तर पारावरचा म्हातारा म्हणाला, "अच्छा, वो दक्खिन वाली? मोल वाली?"

मोलवाली, म्हणजे विकत आणलेली. देवीदासनं तो शब्द ऐकला आणि तिथेच धुळीत बसला.

घर चांगलं पक्कं होतं. तीन भाऊ आणि त्यांची म्हातारी आई. म्हातारीनं खाट टाकली, पितळी पेल्यांतून ताक आणलं. अगत्यात कुठे कमी नाही. "बैठो, दूर से आए हो." मनकर्णानं पेल्याला हात लावला नाही. इंदू गोठ्यामागून आली. हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले, काखेत एक लेकरू. डोक्यावरचा पदर तिनं हनुवटीपर्यंत ओढला होता. बापाला ओळखायलाही तिला वेळ लागला. मग ती जे बोलली ते हिंदीत. दोन वर्षांत तिच्याशी कोणी मराठीत बोललं नव्हतं, आणि रडणं सोडून बाकी सारं ती हिंदीतच करायला शिकली होती.

"लग्न कोणाशी झालं वं तुयं?" मनकर्णानं तिला बाजूला नेऊन विचारलं.

इंदूनं बोटानं तिन्ही भावांकडे दाखवलं, एकामागून एक. आणि खाली बघितलं.

अंगणात ते तिघं विड्या ओढत उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर ना लाज, ना राग. उधारीवर आणलेला नांगर कोणी परत मागायला यावा, तेवढीच कटकट. म्हातारी म्हणाली, "हमने क्या बुरा किया? रोटी देते हैं, कपड़ा देते हैं." मग तिनं लेकराकडे पाहिलं. "लड़की है. ले जाओ इसको भी. लड़का होता तो नहीं देते."

एवढी एकच गोष्ट त्या घरानं फुकट दिली.

इंदू परत आली, पण रामाकोना तिला मानवला नाही. बायका मुद्दाम सांत्वनाला यायच्या आणि खालच्या आवाजात विचारायच्या, "तिघंही काय वं? रोज?" विचारताना त्यांच्या डोळ्यांत जी चमक यायची, तिची मनकर्णाला त्या भावांपेक्षा जास्त किळस यायची. एके दिवशी अशाच एकीला तिनं उंबऱ्याबाहेर काढलं आणि इंदूला व नातीला घेऊन पांढुर्ण्याला आली. इंदू संत्र्याच्या वखारीत जाऊ लागली. पेट्यांत तणस घालायची, फळं निवडायची. बोलायची थोडं. रात्री लेकीला थोपटताना मात्र तिच्या तोंडून पुन्हा मराठी येऊ लागली.

मोतीराम जामिनावर सुटला. सौंसरला एका मंगल परिणयात मनकर्णा वाढप करत होती, तर पहिल्या पंगतीत यशवंतरावांच्या शेजारी हा बसलेला. पांढरा सदरा, पांढरं धोतर. यशवंतराव म्हणाले, "झालं गेलं सोड मनकर्णा. कोर्ट ठरवंन. समाजात फूट नको." मोतीराम पत्रावळीवरची बोटं उचलून म्हणाला, "वाढ बाई, मनात काही ठेवू नको."

मनकर्णानं भाजीची बादली खाली ठेवली, हात धुतले आणि चालती झाली. त्या हंगामात तिला फारशी बोलावणी आली नाहीत. चूल विझवणारी, पंगत सोडणारी बाई कोण बोलवणार? कवडू म्हणाला, "जाऊ दे. जिनिंग आहे ना." तिनं होकार दिला, पण घासलेले गंज कोपऱ्यात पालथे पडलेले बघितले की ती चिडचिड करायची.

कोर्टात साक्ष द्यायला इंदू तयार होती. सुमन तयार होती. तिगावची यमुना, जिनं ऊर बडवून शिव्या दिल्या होत्या, ती स्वतः दारात आली. बसली नाही, पाणीही घेतलं नाही. उभ्या उभ्या म्हणाली, "बाई, मी येतो कोर्टात. मले बोलता नाई येत, पण जे पाह्यलं थे सांगतो." आणि तिनं सांगितलं. मोतीरामला सजा झाली. गुलाबबाई मात्र जामिनानंतर कोणत्याच तारखेला आली नाही. ती आता कोणत्या गावात कोणाची आत्या, कोणाची माय होऊन बसली होती, कोणास ठाऊक.

मोतीरामनं आणखीही मुली दिल्या होत्या. त्यातली एक सौंसरजवळच्या खेड्यातल्या वसंतची. इंदूनं तिला तिकडे एका जत्रेत लांबून ओळखलं होतं, आणि ती कोणत्या गावात आहे तेही तिथल्या बायकांकडून ऐकलं होतं. मनकर्णा आणि इंदू त्याच्या घरी गेल्या. घरावर नवे पत्रे, ओसरीत नवी सायकल. वसंतच्या बायकोनं चहा दिला. मनकर्णानं तो प्यायला. गरिबाघरचा चहा ती कधी नाकारायची नाही.

"तुमची पोट्टी कोठी आहे, थे हिले माहीत आहे," मनकर्णा म्हणाली. "तुम्ही रिपोट द्या. आपण आणू तिले."

वसंतनं कप खाली ठेवला. बायकोकडे पाहिलं, मग पत्र्यांकडे. "पोट्टी सुखात आहे," तो म्हणाला. "मोतीरामनं मले पहिलेच सगळं सांगितलं होतं. तुम्ही लोक काऊन उकरून राहिले?"

पहिलेच. त्याची बायको भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिची पाठ हलत होती.

मनकर्णा उठली. गावाबाहेरच्या हापशीपाशी येताच तिनं इंदूला दांडा हापसायला लावला, ओंजळीनं पाणी घेतलं आणि चूळ भरली. परत भरली. घशात बोट घालून तो चहा ओकून टाकला आणि पुन्हा चुळा भरत राहिली. पाणी भरायला आलेल्या बाया घागरी घेऊन थांबल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "काय झालं वो बाई? काही खराब खाल्लं काय?"

"हाव," मनकर्णा म्हणाली. "तुमच्याच गावचं."

मग तिनं तोंड पुसलं आणि त्या बायांना, तिथेच उन्हात उभं राहून, वसंतच्या पोरीचं नाव घेऊन सगळं सांगायला सुरुवात केली. इंदू शेजारी उभी होती. मध्येच मनकर्णाचा आवाज फाटला, तेव्हा पुढचं इंदूनं सांगितलं.