सतरा नंबरचा दगड

धम्मानंद रोज सकाळी दगड मोजायचा. लोक हसायचे, पण ते काही वेड नव्हतं, सरकारी नोकरी होती. कळमेश्वरच्या पुढे बोरडोंगरीच्या माळावर अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी आपली मेलेली माणसं पुरून त्यांच्याभोवती दगडांची वर्तुळं मांडून ठेवली होती. दगड त्रेचाळीस. त्यांच्याभोवती तारेचं कुंपण, लोखंडी फाटक, पुरातत्त्व खात्याची निळी पाटी आणि राखणीला धम्मानंद. एवढ्यावर तीन हजार वर्षं सांभाळायची होती.

या नोकरीत तो शिरला तोही मजुरी करता करता. विशीत असताना खात्याची माणसं तिथलं एक वर्तुळ उकरायला आली, तेव्हा हा खापरं धुवायला लागला. खापराला लोखंड लावायचं नाही, बांबूच्या चोयीने, म्हणजे पातळ कामटीने माती काढायची, हे तो तेव्हा शिकला. एक दिवस मातीतून घोड्याच्या तोंडातला गंजलेला लगाम निघाला. साहेबांनी तो त्याच्या तळहातावर ठेवला आणि धम्मानंद जो त्या माळाला चिकटला तो चिकटलाच. नागपुरात प्रताप नगरच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांतून रोज स्कूटरने जायचं, उजवीकडून डावीकडे दगड मोजायचे, संध्याकाळी परत यायचं. दाराशी पंच्याऐंशी वर्षांचे वडील, धोंडबा, खाटेवर बसलेले असायचे. दिसायचं कमी, पण स्कूटरचा आवाज ओळखायचे आणि रोज एकच विचारायचे.

"किती भरले गा?"

"त्रेचाळीस, बाबा."

मग म्हातारा समाधानाने मान हलवायचा. जणू स्वतःचीच गुरं गोठ्यात परत आली होती.

निवृत्तीला आठ महिने उरले, तेव्हा गोष्ट बिघडली. माळाच्या पलीकडे कुण्या ठेकेदाराने रस्त्यासाठी मुरूम काढायला सुरुवात केली. स्मारकापासून शंभर मीटरच्या आत खोदायला बंदी आहे, हे धम्मानंदने जेसीबीवाल्याला पाटी दाखवून सांगितलं. तो म्हणाला, "हाव काका," आणि दुसऱ्या दिवशी दहा पावलं आणखी जवळ आला. कुंपणाबाहेर पडलेले, मोजणीत नसलेले दोन जुने दगड एका दुपारी नाहीसे झाले. ते रस्त्याच्या भरावात गेले होते. धम्मानंदने नागपूरच्या कार्यालयात कळवलं. पंचनामा होणार होता, ठेकेदाराला नोटीस निघणार होती. पण त्याच आठवड्यात त्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली आणि बदली माणूस सोमवारशिवाय येणार नव्हता. मध्ये चार दिवस माळावर कोणीही नसणार होतं.

सगळ्यात जास्त जीव सतरा नंबरच्या दगडात अडकला होता. नकाशात तो सतरावा. त्याच्या पाठीवर कोणीतरी कोरलेल्या सोळा छोट्या वाट्या होत्या, अंगठा मावेल एवढ्या. त्या कशासाठी कोरल्या, हे खात्यातल्या मोठमोठ्या माणसांनाही ठाऊक नव्हतं. आणि तोच दगड कुंपणाच्या अगदी कडेला होता. जेसीबीचा पंजा तिथवर सहज पोचला असता.

आता त्याने जे केलं ते नीट ऐका, कारण बाहेरच्या माणसाला ते सुचलंच नसतं. धम्मानंदने जन्मभर पाहिलं होतं की शेताच्या धुऱ्यावरच्या ज्या दगडाला शेंदूर आहे, त्याला शेतकरी वळसा घालून नांगर नेतो. त्याच ठेकेदाराचा रस्ताही वळणावरच्या शेंदराच्या दगडापाशी दीड हात बाजूला सरकला होता. निळ्या पाटीला कोणी भीक घालत नव्हतं. शेंदराला मात्र यंत्रसुद्धा घाबरत होतं. म्हणून बुधवारी भर दुपारी, माळावर चिटपाखरू नसताना, त्याने तेलात शेंदूर कालवला. वाट्यांत तेल मुरू नये म्हणून आधी त्या पांढऱ्या मातीने भरल्या. माती एका वाटीपुरती कमी पडली, तेव्हा खांद्यावरच्या निळ्या दुपट्ट्याची चिंधी फाडून ती कोंबली. मग दोन्ही हातांनी दगड शेंदराने माखला. तोंडाने तो सारखा म्हणत होता, "चार दिवस, फक्त चार दिवस."

त्याच्यासाठी हे साधं काम नव्हतं. छप्पन साली दीक्षाभूमीवर सोळा वर्षांचा धोंडबा त्या अफाट गर्दीत उभा होता. घरी येऊन त्याने देव्हाऱ्यातले देव आपल्या हाताने विहिरीत सोडले होते. तेव्हापासून या घरात शेंदराचा ठिपका आला नव्हता. त्याच धोंडबाच्या मुलाची नखं आज शेंदराने भरली होती.

घरी बायकोने, मायाने, हात पाहिले. सासऱ्यांकडे पाहून ती हळूच म्हणाली, "काय लागलं हाताले?"

"फाटकाचा रंग," धम्मानंद म्हणाला.

डोळ्यावरची पट्टी काढून, बदली माणसाला येऊ नको सांगून तो सोमवारी माळावर परतला तेव्हा दगड जागच्या जागी होता. जेसीबीचे माग तिथवर येऊन मागे वळले होते. चालकाने नारळसुद्धा फोडला होता. धम्मानंदचा जीव भांड्यात पडला, पण घडीभरच. दगडापुढे झेंडूची फुलं होती, उदबत्त्या होत्या आणि शेजारच्या शेतातले मधुकरराव हात जोडून उभे होते.

"धम्मानंद, तू नव्हता अन् इथं देव परगटला गा," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तो वळला आणि निळी पाटी पुसायला लागला. आज पुसून टाकू म्हणता म्हणता मंगळवार झाला, मग शनिवार. एकट्याने पुसायला जावं तर कोणी ना कोणी बसलेलं. शिवाय तेलाचा शेंदूर दगडावरून कसा काढायचा हे त्याला ठाऊक नव्हतं. घासला तर दगडच खरवडला जाणार. रोज सकाळी ती पाटी पुसताना त्याचा फडका एकेका शब्दावर थांबायचा. नष्ट करणे, हलविणे, इजा पोचविणे, विद्रूप करणे, दोन वर्षांपर्यंत कैद. हे शब्द त्याने तीस वर्षं पाहुण्यांना मोठ्या ऐटीत वाचून दाखवले होते. आता ते त्याचंच नाव घेत होते. नोकरी जाईल, पेन्शन अडकेल, याची भीती होतीच. पण रात्री पाठ टेकली की त्याला वेगळंच दिसायचं. कोणीतरी येऊन बाबांना सांगत आहे, तुमच्या पोरानं देव बसवला. तो दचकून उठायचा आणि खाटेकडे पाहायचा.

पंधराव्या दिवशी सकाळी माळावर विटा, वाळू आणि सिमेंटची पोती आली. मधुकररावांनी दगडाभोवती ओटा बांधायचं ठरवलं होतं. नेमकी त्याच दिवशी खात्याची पाहणी होती. संवर्धन सहायक गार्गी मॅडम नकाशाची गुंडाळी घेऊन गाडीतून उतरल्या आणि जागीच थांबल्या. कुंपणाची तार वर उचललेली, आत तीस-चाळीस माणसं, एक जण घमेल्यात सिमेंट कालवत होता.

"थांबवा हे," त्या म्हणाल्या. "संरक्षित स्मारक आहे. इथे वीटही लावता येत नाही."

"मॅडम, स्वयंभू देव हाय," मधुकरराव नम्रपणेच म्हणाले. "आमी दगड हालवून नाही राहिलो. ओटा बांधून राहिलो फक्त."

मॅडमनी पोलिसांना फोन लावला. यायला दोन तास लागणार होते. सिमेंट तर कालवून तयार होतं. एकदा ते दगडाच्या अंगाला लागलं की सोळा वाट्या कायमच्या गेल्या, हे तिथे दोघांनाच कळत होतं. मॅडमचा आवाज चढला, तशा बायका दगडाभोवती बसल्या. कोणीतरी ओरडलं, "हात तर लावून पाहा!" धम्मानंदला पुढचं दिसायला लागलं. पोलीस येतील, काठ्या चालतील, डोकी फुटतील, आणि हे सगळं आपल्या हातच्या शेंदरापायी. फाटकाबाहेर स्कूटर उभी होती. निघून जावं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

"शेंदूर म्या लावला," तो म्हणाला.

कोणी ऐकलंच नाही. त्याने पुन्हा ओरडून सांगितलं. लोक हसले.

"तू?" मधुकरराव म्हणाले. "तुमी लोकं शेंदराले बोट तरी लावता काय? नोकरी वाचवाले खोटं काहून बोलतं गा?"

असा प्रसंग कोणावर येऊ नये. पंधरा दिवस जे लपवताना माणूस अर्धा झाला, ते ओरडून सांगावं आणि कोणी खरं मानू नये!

"दगडावर सोळा वाट्या हायेत," धम्मानंद म्हणाला. "शेंदराखाली हायेत. म्या पांढऱ्या मातीनं भरल्या. फाटकाकडून सातवी वाटी पाहा. तिच्यात माती नाही. माझ्या दुपट्ट्याची चिंधी हाय. निळी."

मॅडम पुढे आल्या. मग हळूच म्हणाल्या, "एकच वाटी. लोखंड लावू नका."

त्याच्या खिशात बांबूची चोय होतीच. जुनी सवय. बायका जरा सरकल्या. तो गुडघ्यांवर बसला, बोटांनी सातवी वाटी चाचपली आणि शेंदराच्या थरात चोय घातली. थर सुटला आणि खालून निळी चिंधी निघाली. तेलाचा थेंबही आत गेला नव्हता. कोरलेली वाटी कोरडी, स्वच्छ होती.

घमेल्यातलं फावडं थांबलं. मधुकररावांनी चिंधी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पंधरा दिवस आमी इथं डोकं टेकवलं गा," ते म्हणाले. "अन् तू पाहत राहिला?"

"जेसीबी नेणार होती दगड. मी दवाखान्यात होतो. अन् मंग भेव वाटलं, भाऊ. तुमचं बी, सरकारचं बी." धम्मानंदने हात जोडले. "माफ करा."

मधुकररावांनी माफ केलं नाही. पण घमेलं त्यांनीच लाथेने उलटं केलं, पोती पुन्हा गाडीत टाकायला सांगितली आणि मागे न पाहता निघून गेले. त्यांच्यामागून एकेक जण गेला.

मॅडमनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला. "मला हे लिहावं लागेल," त्या म्हणाल्या. "स्मारक विद्रूप केलं, असंच लिहावं लागेल. शेंदूर काढायला रसायन शाखेची माणसं येतील. जेसीबीचंही लिहिते. पण वरचा निर्णय येईपर्यंत तुम्ही कामावर येऊ नका."

धम्मानंदने सही केली आणि फाटकाची किल्ली त्यांच्या हातात दिली. निघण्याआधी एकदा दगड मोजू का, असं त्याने विचारलं. मॅडमनी फाटक उघडं धरलं. त्याने मोजले.

घरी यायला त्याला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. धोंडबा खाटेवर होते. धम्मानंद जमिनीवर बसला आणि सगळं सांगितलं. त्या बुधवारची दुपार, तेल, शेंदूर, दोन्ही हात, मायाशी बोललेलं खोटं. माया दाराशी तोंडाला पदर लावून उभी होती. सांगून झाल्यावर म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड केलं. धम्मानंदला वाटलं, हे पाहण्यापेक्षा तुरुंग बरा होता.

चहा आला, निवला. बाहेर कोणाची तरी स्कूटर थांबली आणि गेली. धोंडबांनी हात लांब केला, चाचपत मुलाचं बोट धरलं आणि त्याच्या नखावरून अंगठा फिरवला. बराच वेळ ते नखच चोळत राहिले.

"किती भरले गा?" त्यांनी विचारलं.

"त्रेचाळीस, बाबा," धम्मानंद म्हणाला, आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला.