मोतीराम गवंड्याचं पथ्य

जानेफळच्या आसपास विहीर कोणीही खोदो, आतून बांधायला मोतीराम गवंडीच लागे. दोरावर लोंबकळत तो एकेक चिरा असा बसवी, की पावसाळ्यातही काठ खचत नसे.

पण कावीळ त्याच्या मागं लागली. दरवर्षी यायची, उसाच्या रसावर आणि झाडपाल्यावर उतरायची. शेवटी पोट फुगलं, पाय सुजले. लोक कुजबुजले, पेत असंल. ज्यानं दारू कधी हुंगलीसुद्धा नाही, त्याला हे फार झोंबलं. आणि यंदा ही तहान! तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचं आणि पुन्हा पुन्हा उठायचं. लघवीला मुंग्या लागल्या तेव्हा त्याची बायको कोकिळा घाबरली, आणि त्याला बैलगाडीत घालून तिनं मेहकरचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी लघवी तपासली, पोट चाचपलं. "हा मधुमेह आहे. पण मूळ दुखणं यकृताचं. ते खराब झालं, म्हणून साखर बिघडली. रस, गूळ बंद. पोटात पाणी आहे, मीठही बंद. पण उपाशी राहायचं नाही."

"मंग खाऊ काय? माती?" मोतीराम उखडला. "तिकडं वैद्य म्हने रस पे, इकडं तुमी म्हनता रस जहर हाये. एक काय ते सांगा ना!"

दवाखान्यात ठेवून त्याला अकोल्याहून मागवलेल्या इन्शुलिनची सुई सुरू झाली. सुईनंतर जेवायचंच, अशी सक्त ताकीद होती. एका सकाळी कोकिळेनं अळणी वरण आणि भाकर पुढं ठेवली.

"खाऊन घ्या जी."

"गुराले बी मिठाचा खडा देतेत. मले तेवढाई नाही?" त्यानं ताट ढकलून दिलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.

थोड्या वेळानं त्याला दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले, तो भलतंच बरळू लागला. कोकिळेच्या ओरडण्यानं डॉक्टर धावत आले. "गुळाचं पाणी आणा, लवकर!"

चमच्या-चमच्यानं पाणी पोटात गेलं, तसा तो भानावर आला. जिभेवरची चव ओळखून त्यानं डॉक्टरांकडं पाहिलं. "काऊन हो डाकतरसाहेब, गूळ बंद होता ना?"

डॉक्टर खाटेच्या कडेला टेकले. "तुम्ही जेवला नाहीत, म्हणून साखर एकदम उतरली. धडधाकट माणसाचं यकृत अशा वेळी साठवलेली साखर देतं. तुमचं ना साठवतं, ना देतं. सुई कमी करतो. पण यकृत नवं करायचं औषध माझ्याजवळ नाही."

मोतीरामनं ताट जवळ ओढलं आणि कोकिळेकडं न बघता गार भाकर चावू लागला.

आठवड्याभरात हट्टानं तो घरी आला. शिवारात त्यानं बांधायला घेतलेली एक विहीर अर्धी राहिली होती. तिच्या काठावर बसून तो खालच्या गवंड्यांवर दिवसभर खेकसे. "तो चिरा फिरव बे! तोंड बाहीर आलं त्याचं!" आत उतरायची ताकद नव्हती, आणि दुसऱ्याचं काम त्याला पसंत पडत नव्हतं. कोकिळा रोज अळणी भाकर तिथंच नेई. तो शिव्या घाली आणि खाई.

फाल्गुनात तो गेला. विहीर त्या गवंड्यांनीच पुरी केली, त्यांच्या हातानं जमली तशी.