मादामचं ‘क्रिक?’

मादाम काही सांगायच्या आधी ‘क्रिक?’ म्हणायच्या आणि थांबायच्या. समोरच्याने ‘क्राक’ म्हटलं, तरच पुढचं बोलणं. त्यांच्या हैतीत गोष्ट सांगणारा असंच विचारतो आणि ऐकणारे तयार असले की असं उत्तर देतात. गोष्टीपुरतं ते ठीक आहे. पण सौदीत, थुवालच्या आमच्या विद्यापीठाच्या कॅम्पसवर लायब्ररीतला एसी बंद पडला, तरी त्या फोनवर आधी ‘क्रिक?’च म्हणत. मी देखभाल विभागात, डोक्यावर दहा कामं. दोनदा मी फोन ठेवून दिला. तिसऱ्यांदा ‘क्राक’ म्हणालो आणि तिथेच फसलो.

त्या लायब्ररीत कामाला होत्या. साठीला टेकलेल्या, आणि सबंध कॅम्पसवर हैतीच्या एकट्याच. एकदा मी फिल्टर बदलून घेत असताना म्हणाल्या, “मिस्टर पंप, आपण हैतीच्या सिनेमांचा महोत्सव सुरू करतोय.” पंपहाउस माझ्याकडे, म्हणून मी मिस्टर पंप. त्या ‘आपण’मध्ये मी कधी शिरलो, ते मला आजही कळलेलं नाही. मी म्हटलं, “मादाम, इथे तुमचं एकही माणूस नाही. बघायला कोण येणार?”

“म्हणूनच,” त्या म्हणाल्या. “आमची माणसं आहेत तिथे आम्हाला कोण विसरतंय?”

मग सुरू झालं. परवानगीचे अर्ज मी भरायचे आणि पत्रं त्यांनी लिहायची. माँट्रियल, मायामी, पॅरिस, जिथे म्हणून हैतीचं कुणी पोटासाठी गेलं होतं आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा हातात घेत होतं, तिथे त्यांचं पत्र जायचं. हाताने लिहिलेलं, मग फोटो काढून पाठवलेलं. टाइप केलेल्या पत्राला माणूस उत्तर देत नाही, असं त्यांचं मत. तिकडे हैतीत त्यांच्या गल्लीत बंदूकवाल्यांचं राज्य होतं आणि परत जायचा रस्ता उरला नव्हता. “घर बघायचं तर आता पडद्यावरच,” असं त्या एकदाच म्हणाल्या आणि लगेच खुर्च्या पुसायला लागल्या.

महोत्सव जानेवारीच्या पहिल्या शनिवारी, आणि सिनेमाआधी भोपळ्याचं सूप, हा त्यांचा हट्ट. गुलामीत त्यांच्या पूर्वजांनी हे सूप मालकांसाठी रांधायचं, प्यायचं मात्र नाही. स्वातंत्र्य मिळालं त्या एक जानेवारीला सगळ्यांनी ते प्यायलं. पहिल्या वर्षी नेमका मादामना ताप आला आणि पातेलं माझ्या बायकोच्या हाती गेलं. तिने सवयीने वरून मोहरी-हिंगाची फोडणी दिली, कढीपत्त्यासकट. मला घाम फुटला. एवढा इतिहास, आणि त्यावर नाशिकची फोडणी. मादामनी शाल सावरत एक घोट घेतला आणि कढीपत्ता काढून बशीच्या कडेला ठेवला. “माझ्या आजीने तुम्हाला दोघांनाही हाकलून दिलं असतं,” म्हणाल्या आणि वाटी पुन्हा पुढे केली. पुढच्या वर्षापासून फोडणी कायम झाली.

त्या पहिल्या वर्षी हॉलमध्ये अकरा माणसं होती, त्यातली चार माझ्याच हाताखालची. मादाम तापात पडद्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “क्रिक?” कुणी बोलेना. मी लांबून खुणा केल्या, सुरू करा म्हणून. त्या हलल्या नाहीत. शेवटी आमचा केरळचा इलेक्ट्रिशियन चाचरत ‘क्राक’ म्हणाला, तेव्हा सिनेमा लागला. मी नंतर चिडलो. त्या म्हणाल्या, “उत्तर नसेल तर गोष्ट लादायची नाही. सूप पिऊन घरी जावं.”

तिसऱ्या महोत्सवानंतर त्यांचं कंत्राट संपलं. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द, पासपोर्टवर कायमचं देश सोडायचं ‘फायनल एक्झिट’, माँट्रियलला बहिणीकडे मुक्काम. निघताना त्यांनी पत्त्यांची वही माझ्या हातात दिली. “आता तुम्ही.”

“मी दमलोय, मादाम.” खरंच दमलो होतो. वीस वर्षं वाळवंटात दुसऱ्यांचं पाणी चढवून माणूस दमतो.

“मीही दमलेय. दमल्यावर बसावं, मिस्टर पंप. हॉलमध्ये खुर्च्या आहेत.”

मी हो म्हणालो नाही. वही कपाटात टाकली आणि सुटलो, असं मनाशी म्हटलं. नोव्हेंबरात मेल यायला लागले, सगळे ‘मिस्टर पंप, संचालक’ यांना. मायामीतल्या एका मुलीने आपला पहिला सिनेमा पाठवला होता. खाली लिहिलं होतं, “मादाम म्हणाल्या, तुमच्या हॉलमध्ये उत्तर मिळतं.” मला मादामचा भयंकर राग आला. त्याच दुपारी मी परवानगीचा अर्ज भरला.

जानेवारीत पडद्यापुढे मी उभा होतो. पाय दुखत होते, शर्टाला हिंगाचा वास येत होता. माणसं पंधरा-सोळा, बहुतेक नवी. मी म्हणालो, “क्रिक?” सगळे माझ्याकडे बघत राहिले. मागे सिनेमा तयार होता, नुसती मान हलवली असती तरी लागला असता. ती मायामीची मुलगी, तिचं कुणी इथे नव्हतं, आणि तिच्या वतीने विचारणारा मी एकटा. मादाम तापात कशा उभ्या राहिल्या असतील, ते मला तेव्हा कळलं. त्यांची फार आठवण आली. मीही हललो नाही.

दाराशी वाकून पातेलं घासत असलेली बायको सरळ झाली. तीन वर्षं माझ्या नावाने बोटं मोडणारी बाई. हात पुसत, स्वयंपाकघरातून ‘आले’ म्हणावं तशी ती म्हणाली, “क्राक.”

मी दिवे घालवले आणि रिकाम्या खुर्चीत जाऊन बसलो.